एका साटा पोर्टवर पाच हार्ड डिस्क: पोर्ट मल्टिप्लायर बोर्ड घ्यावा का?

आधीच सांगून टाकतो, एका साटा पोर्टचे (डिस्क जोडायचा सॉकेट) पाच करणारा हा बोर्ड चांगला आहे, पण बहुतेक लोक ज्या कामासाठी तो घेतात त्या कामाचा नाहीये. घरात जुन्या डिस्क पडल्यात, त्यावर फोटो-व्हिडिओ-बॅकअप टाकून ठेवायचेत आणि एका वेळी एखाद-दुसऱ्या डिस्कशीच काम पडतं, असं असेल तर बिनधास्त घ्या. पाच डिस्कची रेड (अनेक डिस्क जोडून एकच साठा करायची पद्धत) लावून दिवसरात्र सर्व्हर चालवायचा बेत असेल तर जरा दम खा, खालचं वाचा आणि मग ऑर्डर टाका. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातला अर्धा स्टार निव्वळ केबलची गर्दी कमी झाली म्हणून.

बोर्ड म्हणजे तळहाताएवढी पट्टी. एका कडेला होस्टकडे, म्हणजे कॉम्प्युटरकडे जाणारा एक साटा पोर्ट, दुसरीकडे डिस्कसाठी पाच, मधोमध चिप आणि तिच्यावर छोटा हीटसिंक, प्रत्येक पोर्टला एक एलईडी, आणि बोर्डाला स्वतःला वीज घ्यायला एक सॉकेट. चिप जेमायक्रॉनची जेएमबी५७५, म्हणजे ६ जीबीपीएसवाली (सेकंदाला ६ गिगाबिट). हे आवर्जून लिहितोय कारण बाजारात अजूनही जुन्या चिपचे बोर्ड फिरतायत, सिलिकॉन इमेजची ३७२६ किंवा जेमायक्रॉनचीच जेएमबी३२१ असलेले, आणि त्या दोन्ही ३ जीबीपीएसच्या. दिसायला बोर्ड सारखेच, फोटोत तर फरक कळतच नाही, पण वेग सरळ निम्मा. मार्व्हेलची ८८एसएम९७०५ पण ६ जीबीपीएसची आहे, ती मिळाली तरी चालेल. थोडक्यात काय तर बोर्डावर कोणाचं नाव छापलंय ते बघू नका, हीटसिंकखाली कुठला नंबर आहे ते विचारा.

सोबत आलेल्या केबल मात्र भंगार. लॉकची पत्रीच नाही, जरा धक्का लागला की सैल. मी पहिल्याच आठवड्यात त्या काढून चांगल्या लावल्या, कारण स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९९ नंबरचा आकडा, तो सीआरसी एररवाला, म्हणजे वाटेत डेटा बिघडल्याची मोजणी, एका डिस्कचा हळूहळू चढत होता. हा आकडा चढला की नव्वद टक्के वेळा डिस्क नाही, केबल किंवा कनेक्टर खराब असतो, उगाच डिस्क बदलायला धावू नका. आणि तो आकडा परत शून्य होत नाही बरं का, वाढायचा थांबला म्हणजे झालं.

आता हे चालतं कसं ते थोडक्यात, कारण पुढची सगळी रडगाणी त्यातूनच येतात. साटावर डेटा पाकिटांमध्ये जातो, आणि प्रत्येक पाकिटात ते कुठल्या डिस्कसाठी आहे हे सांगायला ४ बिटची जागा ठेवलीय. ४ बिट म्हणजे १६ पत्ते, त्यातला एक म्हणजे १५ नंबरचा पत्ता खुद्द मल्टिप्लायरशी बोलायला राखीव, उरले १५. म्हणजे नियमाप्रमाणे एका पोर्टवर १५ डिस्क बसतात, पण बोर्ड पाचचेच जास्त मिळतात आणि खरं सांगायचं तर पाचच पुष्कळ झाल्या. एका मल्टिप्लायरला पुढे दुसरा मल्टिप्लायर लावायची मुभा स्पेकमध्ये, म्हणजे साटाच्या ठरलेल्या नियमांत नाही, त्यामुळे लांबच लांब साखळी करायची स्वप्नं सोडा.

सगळ्यात मोठी गोम होस्टकडे आहे. समोरच्या साटा कंट्रोलरला, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या साटा पोर्ट सांभाळणाऱ्या चिपला, मल्टिप्लायरची भाषा कळायला हवी, आणि मदरबोर्डवरचे पोर्ट बहुतेक वेळा इथेच गचकतात. इंटेलच्या चिपसेटमधले साटा पोर्ट साधारणपणे पोर्ट मल्टिप्लायरला हात लावत नाहीत. मग होतं काय, पाच डिस्क जोडल्या, चालू केलं, आणि दिसते एकच, ती पण पहिल्या पोर्टवरची. लोकांना वाटतं बोर्ड मेलेला आला, रिटर्न टाकतात, एक स्टार देतात. अहो बोर्ड बरोबर आहे. मल्टिप्लायर बनवतानाच अशी सोय केलीय की ज्या होस्टला तो कळत नाही त्याला शून्य नंबरच्या पोर्टवरची डिस्क साध्या डिस्कसारखी दिसावी. या बोर्डाच्या रिव्ह्यूंमध्ये ‘फक्त एक डिस्क दिसते’ असं लिहिलेले जितके आहेत ना, त्यातले बरेचसे याच प्रकारचे असणार.

लिनक्सवर तपासणं सोपं आहे. डीमेसेज कमांडने दिसणाऱ्या लॉगमध्ये एएचसीआयची (साटा कंट्रोलरशी बोलायची ठरलेली पद्धत) ओळ शोधा, तिच्यात शेवटी फ्लॅग लिहिलेले असतात, त्यात पीएमपी (पोर्ट मल्टिप्लायर) दिसलं तर मल्टिप्लायर चालेल, आणि एफबीएस पण दिसलं तर उत्तम. हे एफबीएस म्हणजे काय ते समजून घ्या, पैसे त्यातच वाचतात. साधा कंट्रोलर असेल तर तो एका डिस्कला कमांड देतो, ती पूर्ण होईपर्यंत बसून राहतो, मगच दुसऱ्या डिस्ककडे वळतो. एक डिस्क हेड हलवत शोधत बसली की बाकीच्या चार हात चोळत बसतात. एफबीएसवाला कंट्रोलर पाचही डिस्कना एकदम कामाला लावतो आणि जिचं उत्तर आधी येईल ते आधी घेतो. मोठी फाईल एका डिस्कवरून वाचताना दोन्हीत काही फरक जाणवत नाही, पण दोन-तीन डिस्कवर एकदम छोट्या छोट्या फाईलींचं काम काढलं की पहिला प्रकार अक्षरशः रांगतो. मी जेएमबी५८५ चिपचं पाच पोर्टचं पीसीआय एक्सप्रेस (पुढे नुसतं पीसीआय म्हणतो) कार्ड लावून चालवतोय, त्याला दोन्ही येतं, तिथे बोर्ड पहिल्या फटक्यात उठला. लॉगमध्ये एटीए५.१५ असं काहीतरी दिसतं, तो १५ म्हणजे तोच राखीव पत्ता, मल्टिप्लायर स्वतः हजेरी लावतो, आणि मग ५.००, ५.०१ अशा एकेक डिस्क ओळीने येतात. ती ओळ आली की समजायचं अर्धी लढाई जिंकली.

हो, एफबीएस असलं तरी एक मर्यादा राहतेच. एएचसीआयमध्ये एका पोर्टला कमांडच्या ३२ जागा असतात, आणि त्या पाचही डिस्कना वाटून घ्याव्या लागतात. साध्या हार्ड डिस्कला त्याचं काही वाटत नाही, पण एसएसडी लावायचा विचार असेल तर सोडून द्या. एकच एसएसडी आख्खा पोर्ट एकटी खाऊन टाकते, मग पाच लावून करायचंय काय?

एएसमीडियाच्या एएसएम१०६४ आणि एएसएम११६६ या कार्डांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण ती स्वस्त म्हणून सगळे तीच घेतात. ही कार्डं मल्टिप्लायर चालवतात, पण त्यांची तऱ्हाच वेगळी. मला मल्टिप्लायर येतो असं ती कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सांगतच नाहीत, त्याऐवजी नसलेले, काल्पनिक पोर्ट असल्याचं दाखवतात आणि मागच्या डिस्क त्या काल्पनिक पोर्टांवर काढून देतात. स्पेकमध्ये हे बसत नाही. गंमत अशी की या खोट्या पोर्टांवर डिस्क शोधत बसल्यामुळे लिनक्स बूट व्हायला मिनिटं लागायची, म्हणून कर्नलवाल्यांनी ते पोर्ट मोजायचे बंद केले, तर लगेच ज्यांनी मागे मल्टिप्लायर लावले होते त्यांच्या डिस्क गायब! शेवटी २०२४ मध्ये तो बदल मागे घ्यावा लागला. म्हणजे आता एक तर बूट हळू नाहीतर डिस्क नाहीत, आणि त्यांनी डिस्क निवडल्या, बरोबरच केलं म्हणा. शिवाय मल्टिप्लायर कुठल्या कंपनीचा हे कर्नलला कळायची सोयच उरत नाही, त्यामुळे एखाद्या चिपसाठी खास उपाय लिहिलेला असला तरी तो लागू होत नाही. तेव्हा मल्टिप्लायर लावायचाच असेल तर होस्ट कार्ड जेएमबी५८५ सारखं सरळमार्गी घ्या. आणि ते एवढ्याशा पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं २० किंवा २४ पोर्टचं कार्ड दिसतं ना, त्यात कार्डावरच मल्टिप्लायर चिकटवलेले असतात, एवढे पोर्ट उगाच नाही येत.

वेगाचं गणित. साटा ६ जीबीपीएस म्हणजे कागदावर सेकंदाला ६०० एमबी, प्रत्यक्षात ५५० च्या आसपास. हे सगळ्या डिस्क मिळून. एक डिस्क एकटी चालवली तर तिचा पूर्ण वेग मिळतो, २०० च्या आसपास, बोर्ड मध्ये आहे हे कळतही नाही. दोन चालवल्या तरी पूर्ण. तिसरीपासून खेचाखेच सुरू होते आणि पाचही एकदम वाचायला लावल्या की प्रत्येकीच्या वाट्याला १०० ते ११० उरतात. एका नळावर पाच हंडे, दुसरं काय होणार. होस्ट कार्ड जुनं, पीसीआय २.० च्या एकाच लेनवालं (लेन म्हणजे डेटाची वाट) असेल, एएसएम१०६१ सारखं, तर ती लेनच ५०० ची आणि हातात ४०० च्या आसपास येतात, मग प्रत्येकीला ८०.

नेटवर्कवरून फाईली बघणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, गिगाबिट लॅन स्वतःच सव्वाशेला थांबते. फरक पडतो रेडवाल्यांना. समजा १२ टीबीच्या पाच डिस्क आहेत. प्रत्येकीला स्वतंत्र पोर्ट असेल आणि सरासरी २०० चा वेग धरला तर सगळी रेड एकदा तपासून काढायला सतरा तास लागतात. याच पाच मल्टिप्लायरमागे ठेवल्या की एकूण ६० टीबी एका केबलमधून सरासरी ५०० ने ओढायचे, म्हणजे तेहेतीस तास. डिस्क मेल्यावर नवीन लावून रेड परत बांधताना हाच हिशोब. नेमक्या त्या वेळी, जेव्हा एक डिस्क आधीच गेलीय आणि उरलेल्यांवर ताण आहे, तुम्ही तो ताण दुप्पट वेळ लांबवताय. झेडएफएस (स्वतःच रेड सांभाळणारी फाईलसिस्टम) वापरणारी जुनी मंडळी मल्टिप्लायरचं नाव काढलं की अंगावर येतात ती काही उगाच नाही.

पण वेग हे त्यांचं मुख्य कारण नाहीये, मुख्य कारण मी स्वतः बघितलं. माझ्याकडे एक जुनी डिस्क होती, काही सेक्टर गेलेली, मुद्दाम तिसऱ्या पोर्टवर लावली, आणि पहिल्या पोर्टवरून दुसऱ्यावर एक मोठा फोल्डर कॉपी करायला टाकला. छान चाललं होतं, दोन एलईडी लुकलुकतायत. मग तिसरीवर खराब भाग वाचायला सांगितला. आतून टक्, टक् असा आवाज, तिचा एलईडी जळतच राहिला, आणि काही सेकंदांनी बाकीचे दोन्ही विझले. कॉपी थांबली. माऊस हलतोय, पंखा फिरतोय, पण पाचपैकी एकाही डिस्कवरचा साधा फोल्डर उघडेना. लॉगमध्ये एरर, मग लिंक रिसेट, मग मल्टिप्लायरला पुन्हा हजेरी, मग एकेक डिस्क पुन्हा ओळखायची, आणि मग जसं काही झालंच नाही अशी कॉपी पुढे सुरू. पुन्हा खराब सेक्टर, पुन्हा तेच नाटक. यात बोर्डाचा दोष म्हणता येत नाही, रचनाच तशी आहे, लिनक्स एरर निस्तरताना आख्खा पोर्ट थांबवतो आणि त्या पोर्टवर पाचही बसलेल्या असतात. स्वतंत्र पोर्टवर आजारी डिस्क एकटी आजारी असते, इथे ती घरादाराला झोपवते. रेड असेल तर सॉफ्टवेअरला वाटू शकतं की दोन-तीन डिस्क एकदम गेल्या, आणि ते त्यांना बाहेर काढून मोकळं होतं. डेटा डिस्कवर शाबूत, पण रेड उघडत नाही, रात्रीचे दोन वाजलेत, असे प्रसंग यातूनच येतात.

याच्यावर थोडा इलाज आहे. साध्या डेस्कटॉप डिस्क एकच सेक्टर वाचायला खूप वेळ झगडत बसतात, आणि लिनक्स ३० सेकंद वाट बघून लाथ मारतो. ज्या डिस्कमध्ये एससीटी ईआरसी नावाची सोय आहे तिला स्मार्टसीटीएल या कमांडने सांगता येतं की ७ सेकंदात नाही जमलं तर सरळ नाही म्हण, आकडा ७० द्यायचा, तो सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. बऱ्याच डिस्क वीज गेली की हे विसरतात, त्यामुळे बूटच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाकून ठेवा. ज्या डिस्कमध्ये ही सोयच नाही तिथे उलटं करा, कर्नलचा ३० चा टाइमआउट १८० वर न्या, ती हळूहळू का होईना उत्तर देईल आणि रिसेट टळेल. मी दोन्ही केलंय आणि तो झोपवण्याचा प्रकार बराच कमी झाला.

विजेकडे दुर्लक्ष करू नका, हे मी ओरडून सांगेन. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर २ अँपिअरपर्यंत ओढते. पाच एकदम उठल्या तर १० अँपिअर, १२० वॅट, फक्त त्या काही सेकंदांसाठी. एका साटा पॉवर प्लगची १२ व्होल्टची क्षमता साडेचार अँपिअर. म्हणजे एका साटा प्लगमधून पाच फाटे काढणारी ती केबल मिळते ना, ती गणितातच नापास आहे, भले ती विकायला असेना का. पॉवर सप्लायमधून वेगवेगळ्या दोन वायरींवर डिस्क वाटून घ्या. आणि मोलेक्स (जुना चार पिनचा पॉवर प्लग) ते साटा अडॅप्टर लागलाच तर ज्याच्या प्लास्टिकमध्ये वायरी ओतून बंद केलेल्या असतात तो घेऊ नका, ते वितळल्याचे फोटो इंटरनेटवर हवे तेवढे सापडतील, उघड्या क्रिंपवाला, म्हणजे वायरी पिनांवर दाबून बसवलेला घ्या.

उष्णतेचं म्हणाल तर हीटसिंक कोमट लागतो, पाचही डिस्क तासभर जोरात चालल्या तर बोट फार वेळ ठेवता येत नाही. कॅबिनेटच्या कोपऱ्यात दडपून ठेवू नका, पंख्याच्या वाटेत ठेवा. माझ्या बोर्डाचा हीटसिंक नुसता चिकटपट्टीवर होता आणि तिरका बसवलेला, काढून नीट चिकटवला.

चांगल्या गोष्टीही आहेत, नाहीतर साडेतीन स्टार कशाला दिले असते. यूएसबीच्या मल्टी-बे डब्यांसारखं इथे डिस्कचं नाव-नंबर लपत नाही, प्रत्येक डिस्क आपल्या खऱ्या सिरीयल नंबरने दिसते, स्मार्ट पूर्ण वाचता येतं, न वापरातल्या डिस्कला झोपवता येतं. वेगळा ड्रायव्हर नाही, लिनक्समध्ये मल्टिप्लायरचा सपोर्ट २.६.२४ पासून, म्हणजे २००८ पासून आहे. विंडोजवर काही होस्ट कार्डांना त्यांचा स्वतःचा ड्रायव्हर टाकावा लागतो, ते आधी बघून घ्या. माउंट करताना एसडीए, एसडीबी असली नावं वापरू नका, रिसेटनंतर अक्षरं इकडची तिकडे होतात, सिरीयल नंबरवरून किंवा यूयूआयडीवरून (फाईलसिस्टमचा कायमचा ओळख क्रमांक) करा, आणि प्रत्येक डिस्कच्या कडेला नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवून ठेवा, नाहीतर काढायची एक आणि ओढाल दुसरी.

आणि मल्टिप्लायर म्हणजे पोरखेळ असंही समजू नका. बॅकब्लेझ या ऑनलाइन बॅकअप कंपनीने २००९ मध्ये आपला पहिला स्टोरेज पॉड जगासमोर मांडला, त्यात १.५ टीबीच्या ४५ डिस्क होत्या, ६७ टीबी एका डब्यात, आणि त्या सगळ्या पाच-पाचच्या नऊ मल्टिप्लायर बॅकप्लेनवर (डिस्क थेट खोचायचे बोर्ड), चिप तीच सिलिकॉन इमेज ३७२६. म्हणजे धंदा उभा राहतो यावर. फक्त त्यांच्याकडे एक डबा बंद पडला तर काम सांभाळायला माणसं आणि सॉफ्टवेअर होतं, आपल्याकडे आपणच.

दुसरा पर्याय काय, तर पाच-सहा डिस्कच लावायच्यात आणि पीसीआयचा एक स्लॉट रिकामा आहे असं असेल तर मल्टिप्लायरच्या भानगडीत पडूच नका, जेएमबी५८५ चं पाच पोर्टचं नाहीतर एएसएम११६६ चं सहा पोर्टचं कार्ड थेट लावा, प्रत्येक डिस्कला स्वतःचा पोर्ट, वेग पण जास्त आणि एक आजारी पडली तर बाकीच्या चालू. आठ किंवा जास्त डिस्क आणि रेड पक्की असेल तर एलएसआयचं वापरलेलं एसएएस (सर्व्हरमधल्या डिस्कची जोडणी, साटा डिस्कही चालतात) कार्ड, ९२११-८आय वगैरे, आयटी मोडमध्ये, म्हणजे कार्ड स्वतः रेड न करता डिस्क जशाच्या तशा दाखवतं. फक्त त्या कार्डांना हा साटा मल्टिप्लायर चालत नाही, त्यांना एसएएस एक्सपांडर लागतो, दोन्हीत गल्लत करू नका. मल्टिप्लायर खरा कामाचा ठरतो तो स्लॉट शिल्लक नसेल तेव्हा, किंवा डिस्कचा डबा बाहेर ठेवून ई-साटाची (बाहेरून जोडायचा साटा) एकच केबल आत न्यायची असेल तेव्हा, ती केबल २ मीटरपर्यंत चालते.

माझ्याकडे आता यावर चार डिस्क आहेत, प्रत्येकीवर वेगळी फाईलसिस्टम, रेड नाही, रात्री बॅकअप एकेका डिस्कवर पाळीपाळीने चालतो, दोन कधीच एकदम नाही. असं ठेवल्यापासून लॉग कोरा आहे. पाचवा पोर्ट रिकामा ठेवलाय, त्यावर कोणाची तरी जुनी डिस्क तपासायची असेल तर मी ती तिथे लावत नाही, मदरबोर्डच्या पोर्टवर लावतो, कारण वर सांगितलंच.

विक्रेत्याच्या पानावर ‘रेड सपोर्ट’ असं ठळक लिहिलं होतं, तसं या बोर्डात काही नाही, रेड करायची तर सॉफ्टवेअरनेच. मी चिपचा नंबर विचारला तर उत्तर आलं की सांगू शकत नाही, बॅच बदलते. मग फोटो मागितला, हीटसिंक न लावलेला, तो मात्र पाठवला.